जुन्या स्कूटरला भाव आला, पण आरसी बुक कुठंय?

गोठ्याच्या कोपऱ्यात पेंडीच्या रिकाम्या पोत्यांखाली एक बजाज चेतक उभी. हँडलवर कोंबडी बसलेली, पाय ठेवायच्या जागी खताची गोणी. शेवटची किक कुणी मारली ते घरात कुणालाच आठवत नाही. आपल्या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर हे चित्र काही नवीन नाही.

मग एखाद्या रविवारी पुण्याच्या पासिंगच्या गाडीतून दोन पोरं उतरतात. गोठ्यात डोकावतात आणि एकदम मऊ आवाजात विचारतात, "काका, विकायची का?"

"घेऊन जा बाबा, जागा तरी मोकळी होईल. काय देशील?"

पोरगं गुडघ्यावर बसतं. पत्र्यावरनं बोट फिरवतं, चेसी नंबरवरची माती पुसतं, मोबाइलमध्ये फोटो काढतं. आकडा काही सांगत नाही. उलट विचारतं, "काका, आरसी बुक आहे का?"

"असंल की. म्हातारीच्या पेटीत."

मंडळी, सौदा इथंच ठरतो. पेटीत बुक निघालं तर ती स्कूटर. नाही निघालं तर किलोवर विकायचा पत्रा. गेल्या वर्ष-दीड वर्षात नंबरप्लेट, नोंदणी फी, पेट्रोल अशा बातम्या एकामागून एक आल्या. त्या सगळ्यांचा आपल्यासाठी अर्थ एकच निघतो. गाडी गंजली तरी दुरुस्त होते. कागद गंजला की माणूस चपला झिजवतो.

पुण्याची पोरं गोठ्यात का येतात?

जुन्या स्कूटरचं वेड ही जगभरची गोष्ट आहे. इटलीत २३ एप्रिल १९४६ ला व्हेस्पाच्या पेटंटचा अर्ज झाला, म्हणजे २०२६ मध्ये या गाडीला ८० वर्षं होतात. व्हेस्पा म्हणजे इटालियन भाषेत गांधीलमाशी. मागून फुगीर, मधे बारीक आणि आवाज तसाच भुणभुण. हीच गाडी बजाजने परवाना घेऊन आपल्याकडे बनवली आणि १९७२ मध्ये स्वतःच्या नावाने 'चेतक' आणली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात 'प्रिया' तयार व्हायची. आज व्हेस्पा पुन्हा महाराष्ट्रातच बनते, बारामतीच्या पियाजिओच्या कारखान्यात, २०१२ पासून.

आपला नगर जिल्हा तर यात मागे नव्हताच. किनेटिकची लूना १९७२ मध्ये आली ती नगरचीच. ५० सीसीचं इंजिन, वर सायकलसारखे पायडल. पेट्रोल असलं की मोपेड, संपलं की सायकल, आणि चढावर दोन्ही! दुधाच्या किटल्या, गवताचा भारा, शाळेतली दोन पोरं, सगळं त्या लूनावर गेलेलं आहे.

त्या काळात स्कूटर दुकानातून लगेच मिळत नव्हती. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. परकीय चलनात पैसे भरले तर नंबर लवकर लागायचा, म्हणून आखातात कामाला गेलेल्या भावाला पत्र लिहून आधी स्कूटरचंच बघायला सांगितलं जायचं. अशी मिळालेली गाडी माणूस जपणारच. बजाजने २००९ मध्ये स्कूटर बनवणं बंद करायचं ठरवलं, तेव्हा लोकांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं ते उगाच नाही.

आता शौकिनांचं जग वेगळं. शहरात त्यांचे ग्रुप आहेत. रविवारी पहाटे निघायचं, चाळीस किलोमीटरवर मिसळ खायची आणि परत यायचं. त्यातले वीस किलोमीटर गाडी चालवायची आणि बाकीचे ढकलायची, हा त्यांचाच विनोद. व्हेस्पावाले आणि लॅम्ब्रेटावाले यांचं भांडण तर कधी मिटणारं नाही. लॅम्ब्रेटावाला म्हणतो, "आमचं इंजिन मधोमध. तुमची गाडी एका अंगाला झुकलेली." व्हेस्पावाला म्हणतो, "झुकली तर झुकली, पण चालू तरी होते!"

चेतकवाल्या पिढीला यातलं काही सांगायला नको. गाडी एका अंगाला कलती करायची, सरळ करायची, चोक ओढायचा, देवाचं नाव घ्यायचं आणि किक. दहाव्या किकेला प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. मागच्या सीटवरच्या मावशी तोवर उतरून चालायला लागलेल्या. गाडी चालू होऊन पोचेपर्यंत त्या स्टँडवर एसटीत बसलेल्याही असायच्या.

विनोद बाजूला. या शौकामुळे गावातल्या जुन्या गाडीला गिऱ्हाईक आलंय हे खरं. पण शौकिनाला लागणारी गाडी म्हणजे मूळ इंजिन, मूळ चेसी आणि नावावर होणारे कागद. रंग तो देईल, पत्रा ठोकून घेईल, सीट शिवून घेईल. आरसी बुक मात्र त्याला ठोकून घेता येत नाही.

नवी पाटी: गाडी सरकारी नोंदीत आहे का?

पहिली बातमी सगळ्यांना माहीत असलेली, एचएसआरपीची. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ही उच्च सुरक्षा पाटी कंपनीकडूनच येते. त्याआधीच्या सगळ्या गाड्यांना ती बसवून घ्यायची. दुचाकी आणि ट्रॅक्टरला दर ४५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये. २०२५ मध्ये मार्चची मुदत सरकत सरकत वर्षअखेरपर्यंत गेली. दर वेळी शेवटच्या आठवड्यात गर्दी, आणि मुदत वाढली की पुन्हा सगळे निवांत.

गमतीचा भाग असा की, या पाटीने गावची कलाच बंद केली. ४१४१ चं 'दादा' करणारे, २१४ चं 'राम' करणारे, पाटीच्या खाली 'आईचा आशीर्वाद' आणि वर मिशी काढणारे पेंटर आता काय करणार? या पाटीवर आकडा म्हणजे आकडाच.

पण खरी अडचण वेगळी आहे. पाटी मागवायची तर गाडी सरकारच्या 'वाहन' या संगणकीय नोंदीत असावी लागते. चेसी नंबर, इंजिन नंबर आणि मोबाइल नंबर जुळावा लागतो. एमएच-१६ किंवा एमएच-१७ यायच्या आधीच्या, तीन इंग्रजी अक्षरांच्या नंबरवाल्या जुन्या स्कूटर आहेत ना, त्यातल्या कितीतरी गाड्यांची नोंद फक्त कार्यालयाच्या जाड रजिस्टरमध्ये असते. संगणकात ती चढवून घ्यावी लागते. याला बॅकलॉग नोंद म्हणतात. त्यासाठी मूळ आरसी बुक घेऊन परिवहन कार्यालयात जावंच लागतं. ते नसेल तर काम अडतं.

म्हणजे पाटीची बातमी वरवर ५३१ रुपयांची. आतून ती तुमच्या गाडीची हजेरी आहे. हजेरीपटात नाव नसेल तर ते आत्ताच कळेल, हा तिचा फायदा. एक सावधगिरी मात्र घ्या. पाटीच्या नावाने खोट्या वेबसाइट निघालेल्या आहेत. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवर पैसे भरू नका. परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच जा, नाहीतर तालुक्याच्या सेवा केंद्रात समोर बसून भरा.

वीस वर्षांचं गणित

दुसरी बातमी नोंदणीच्या फीची. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. २०२२ पासून त्याची फी ३०० वरून १,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांच्या पुढच्या दुचाकीसाठी २,००० रुपये केले.

याच वेळी दिल्लीची बातमी फिरली आणि गावात घबराट उडाली. "पंधरा वर्षांच्या गाडीला पेट्रोल देणार नाहीत" असा मेसेज बऱ्याच जणांना आला असेल. ते दिल्लीचं होतं. तिथं १ जुलै २०२५ ला पंपावर बंदी सुरू झाली आणि काही दिवसांतच थांबवावी लागली. महाराष्ट्रात खासगी दुचाकी १५ वर्षांची झाली म्हणून ती आपोआप भंगारात जात नाही. नोंदणी वाढवा, विमा आणि पीयूसी ठेवा, गाडी चालवा. मेसेज वाचून घाबरून चेतक भंगारवाल्याला दोन हजारात देणाऱ्याने स्वतःचंच नुकसान केलं.

आता हिशोब करू. २० वर्षांच्या वरची १५० सीसीच्या आतली स्कूटर आहे. नोंदणीचे २,०००. पाटीचे ५३१. थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने वर्षाला ७१४. झाले ३,२४५. त्यावर पर्यावरण कर, पीयूसी आणि विम्यावरचा कर वेगळा. नोंदणी संपून वर्षं झाली असतील तर उशिराची रक्कम लागू शकते, ती कार्यालयात विचारूनच घरातून निघा.

वापरायची गाडी असेल तर हा खर्च पाच वर्षांत विभागतो, फार नाही. पण गाडी पोत्याखालीच ठेवायची असेल तर विचार करा. दोन्हीकडून लोंबकळत ठेवलेली गाडी सगळ्यात महाग पडते. फी वाढते आणि भाव उतरतो.

'व्हिंटेज'चं काय, असं काही जण विचारतात. २०२१ च्या नियमाने ५० वर्षांच्या पुढची, मूळ रूपातली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नूतनीकरण ५,००० रुपये. नव्याने नोंदलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. चेतकच्या पहिल्या गाड्या आता या वयात आल्यात. पण व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. बाजाराला जाऊन मेथीची जुडी आणणाऱ्याने या फंदात पडू नये. ते शौकिनांचं काम, आणि खर्चही त्यांनीच करावा.

ऊस आपला, इथेनॉल आपलं, कार्बोरेटरही आपलाच

तिसरी बातमी जरा अवघड जागेचं दुखणं आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठलं. आधी ते २०३० साठी होतं. आपल्या जिल्ह्यासाठी ही बातमी साधी नाही. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरचा. कारखान्याला इथेनॉलचे पैसे आले तर उसाचं बिल सुटायला मदत होते. मका लावणाऱ्यालाही गिऱ्हाईक मिळालं. त्यामुळे इथेनॉलला सरसकट शिव्या घालणं आपल्याला परवडणारं नाही.

पण तेच इथेनॉल जुन्या टू-स्ट्रोक गाडीला जड जातं, हेही लपवायला नको. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद साधारण एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या दुचाकीचं अॅव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. म्हणजे ४० देणारी गाडी साडेअडतीसच्या आसपास. अॅव्हरेजचं दुःख एवढंच.

मोठं दुःख रबर आणि पाण्याचं. त्या काळातले पेट्रोल पाइप, वॉशर, कार्बोरेटरमधले रबरी भाग इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात, गळतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं. गाडी महिनोन् महिने उभी असेल आणि टाकीत पाणी जमलं, तर पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, पेट्रोल वर राहतं. मग किका मारून पाय सुजतो, पण गाडी हूं की चूं करत नाही. आणि आपण दोष देतो प्लगला!

उपाय सोपे आहेत. गाडी महिनाभर लागणार नसेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका. घरी आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करा. पाइप आणि वॉशर नवीन, इथेनॉल सोसणारे टाका. गावच्या मेकॅनिकसाठी हे अर्ध्या तासाचं काम. पेट्रोल गळणारी गाडी चुलीच्या किंवा कडब्याच्या शेजारी उभी करू नका, हे सांगायची खरं तर गरज नको.

थोडक्यात, शेतकरी म्हणून आपण या पेट्रोलचे विक्रेते आणि स्कूटरवाले म्हणून गिऱ्हाईक. दोन्ही टोपी आपल्याच डोक्यावर. पाइप बदलायचे पैसे उसाच्या बिलातून वजा समजा.

विकली म्हणजे सुटलो असं नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. शौकीन पोरगं आलं, पैसे दिले, टेम्पोत गाडी चढवली, चहा पिऊन गेलं. तुम्ही खूश. पण आरसीवर नाव अजून तुमचंच. सहा महिन्यांनी त्या गाडीने कुठं कुणाला धडक दिली आणि विमा नसला, तर नोटीस कुणाच्या दारात येणार?

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला. गाडी पहिल्यांदा २००७ मध्ये विकली गेली, मग एकाकडून दुसऱ्याकडे अशी हात बदलत राहिली. २००९ मध्ये अपघात झाला. आरसीवर नाव मात्र पहिल्याच मालकाचं. न्यायालयाने सांगितलं, कायद्याने मालक तोच ज्याच्या नावावर नोंदणी आहे. भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी दोन वर्षं त्याने बघितलीही नव्हती, तरी.

म्हणून मोटार वाहन कायदा सांगतो तसं वागा. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं. घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. कोऱ्या फॉर्मवर सही करून "भरून घेतो काका" म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका. घेणाऱ्याचं आधार, पत्ता, फोटो, तारीख आणि वेळ लिहिलेली पावती स्वतःजवळ ठेवा. खरा शौकीन यात कटकट करत नाही, कारण नाव होणं त्यालाच जास्त हवं असतं. कागदाचं नाव काढलं की घाईत निघणारा माणूस शौकीन नव्हे, एवढं ओळखा.

भंगारात देणार असाल तरी हेच. गाडी मोडली की १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची. नाहीतर गाडी गेली लोखंडात, आणि तिची चेसी नंबरपाटी भलत्याच गाडीवर फिरतेय, असंही होऊ शकतं.

वडिलांच्या नावावरची गाडी

गावाकडचं सगळ्यात मोठं गाठोडं हे. स्कूटर वडिलांच्या नावावर, वडील जाऊन बारा वर्षं झाली. सातबाऱ्यावर वारस लावायला आपण तलाठ्याकडे धावतो, कारण ती जमीन. स्कूटरवर वारस लावायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

नियम असा की, मालक गेल्यावर वारसाने ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचं. तीन महिने गाडी वापरता येते आणि तेवढ्यात फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यायची. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि बाकी भावंडांची संमती लागते. मुदत उलटली असेल तर काम अवघड होतं, पण दार बंद होत नाही. आरसी हरवली असेल तर पोलिसात तक्रार देऊन दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६ भरता येतो.

भावाभावांत आधी बोलून घ्या, हेही सांगावंसं वाटतं. दहा वर्षं त्या गाडीकडे ढुंकून न बघणारा भाऊ, गिऱ्हाईक आल्यावर बरोबर हजर होतो. मग हिशोब सुरू होतो, पेट्रोल कुणी भरलं होतं, टायर कुणी टाकला होता.

शेवटी काय?

चेतक आता विजेवर आली, जानेवारी २०२० पासून विक्रीला आहे. लूनाही फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवर आली. चोक नाही, किक नाही, कलती करायची गरज नाही. नवी घ्यायची त्याने जरूर घ्यावी. पण गोठ्यातली जुनी ठेवायची, विकायची की मोडायची, हे तुम्हीच ठरवा. बाकी कुणाच्या मेसेजने ठरू देऊ नका. तिन्हीपैकी काहीही ठरवलं तरी पहिलं पाऊल एकच आहे.

आज रात्री जेवण झाल्यावर म्हातारीची पेटी उघडा. लग्नपत्रिका, सोसायटीच्या पावत्या, जुनी रेशनकार्डं यांच्या खाली ते बुक असंल. कडेनं वाळवी लागली असेल तर झटका. दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये काढा आणि घरातल्या दोघा-तिघांना पाठवून ठेवा. नंबर 'वाहन'च्या संकेतस्थळावर टाकून बघा, गाडी दिसते का.

दिसली तर बरं. नाही दिसली तर सोमवारी कार्यालय गाठा. आणि रविवारी पुण्याची पोरं आली, तर चहा ठेवा, पण बुक लगेच हातात देऊ नका. आधी आकडा ऐका.